एका रकान्यात पाच सह्या

आमच्या चर्चमध्ये पहिला बाक रिकामा असतो. दुसराही. तिसऱ्यावर अधूनमधून एखादा परगावचा पाहुणा ऐटीत बसतो, आणि सहज मागे वळून बघतो तेव्हा त्याला कळतं की अख्खं हॅग्लंड गाव शेवटच्या चार बाकांवर खेटून बसलेलं आहे. मग तो पाहुणा पुढचा तासभर मान खाली घालून असतो. पास्टर मार्लिस नवीन आल्या तेव्हा त्यांनी मागचे चार बाक उचलून तळघरात ठेवले. आम्ही पुढे सरकलो नाही. चार रविवार भिंतीला टेकून उभे राहिलो. पाचव्या रविवारी बाक परत आले, आणि कुणी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही.

आम्ही नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांची पणतवंडं. पुढे होणं म्हणजे आमच्यात असभ्यपणा. कुणी कॉफी पुढे केली तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'छे छे, तुम्हाला कशाला त्रास' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच कप' म्हणून पूर्ण कप घ्यायचा. हे लेकरांना चालण्याआधी येतं. सास्काचेवान प्रांताच्या उघड्या माळावर, उणे चाळीसच्या थंडीत, ह्या शिस्तीवर चार पिढ्या जगल्या. शिस्तीने कुणाचं वाकडं झालं नव्हतं. निदान आमच्यापैकी कुणाचं नाही.

तर मार्च महिन्यात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, अब्रेहेत उठून उभी राहिली. अब्रेहेत मूळची एरिट्रियाची. आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं आहे. तिच्या हातच्या सूपमुळे गावातली दोन माणसं मरायची लांबणीवर पडली आहेत असं डॉक्टरच म्हणतात. ती उभी राहिली, आणि तीही अगदी समोर, कॉफीच्या टेबलापाशी, जिथून सगळ्यांना दिसेल. आम्ही चटकन आपापल्या कपात बघायला लागलो.

"माझी बहीण लेमलेम कैरोत आहे," ती म्हणाली. "दोन मुली आहेत. नवरा नाही. तिला आमच्या देशातून पळून गेल्याला पाच वर्षं झाली. तिथं तिला काम करू देत नाहीत, मुलींना शाळेत घेत नाहीत. इथल्या पाच माणसांनी सही केली, की ह्यांचं वर्षभराचं घर, जेवण, शाळा, दवाखाना आम्ही बघू, तर सरकार त्यांना येऊ देतं. चर्चच्या मुख्य कार्यालयाकडे आपल्या चर्चच्या नावाने तीन जागा आहेत. पास्टरनी मला सांगितलं. बरोब्बर तीन. लेमलेम, फेवेन, राहवा. मी विचारते आहे. कराल का?"

इतकं सरळ आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. डॉक्टरसुद्धा विचारत नाही. कुणी 'हो' म्हणालं नाही. पण कुणी खोकलंही नाही, आणि आमच्याकडे होकार तो असाच असतो. पास्टरना हे आता कळतं. त्यांनी लगेच समिती जाहीर केली: त्या स्वतः, वर्ना स्कोगस्टॅड, निवृत्त मुख्याध्यापक ल्यूथर क्नुटसन, माझी बायको जॉर्डिस आणि मी. बरोब्बर पाच.

आता अध्यक्ष. मी ट्रॅक्टरच्या दुकानात एकतीस वर्षं सुट्या भागांचा काउंटर सांभाळला आहे. कुठल्या मळणीयंत्राचा कुठला पट्टा कुठल्या फळीवर आहे हे झोपेत सांगू शकतो. अध्यक्षपद माझ्याकडे येणार हे मला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

"ऑर्विल, तू होतोस का अध्यक्ष?" ल्यूथरने विचारलं.

"छे छे, मी कसला अध्यक्ष," मी म्हणालो.

"हो की. तुझ्याइतका अनुभव कुणाला आहे?"

"नको रे, मला कुठे बोलता येतं."

"बरं," ल्यूथर म्हणाला, "तो नको म्हणतोय. पुढचा विषय."

दोनदा! फक्त दोनदा विचारलं! कॉफीलासुद्धा माणूस तीनदा विचारतो. मी जॉर्डिसकडे पाहिलं, ती शांतपणे वहीत 'ऑर्विल: नको' असं लिहीत होती. ल्यूथर स्वतः 'तात्पुरता' अध्यक्ष झाला. तो गेली अकरा वर्षं ग्रंथालयाचाही तात्पुरता अध्यक्ष आहे. मला 'स्वागत पूर्वतयारी उपसमिती' देण्यात आली, तिची प्रमुख जॉर्डिस आणि एकमेव सदस्य मी. घरात चाललेलंच होतं, आता त्याला चर्चचा शिक्का मिळाला.

अर्ज चौदा पानांचा. तेरा पानं अब्रेहेतने आणि पास्टरनी मे महिन्याच्या दोन दुपारींत भरली. सोबतचं पत्र वर्नाने लिहिलं, कारण तिचं अक्षर सुंदर आहे: कोण येणार, त्यांची वयं काय, गावात त्यांची काय सोय आहे. चौदाव्या पानावर पाच रकाने, एकाखाली एक, पाच सह्यांसाठी. तीस सप्टेंबरला दुपारी एकच्या आत अर्ज शहरातल्या कार्यालयात पोचायला हवा. नाहीतर त्या तीन जागा दुसऱ्या गावच्या चर्चला जाणार, आणि पुढच्या वर्षी जागा मिळतील की नाही ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

"बाकी मला काही नको," अब्रेहेत म्हणाली. "फक्त कागद वेळेत जाऊ दे."

"अगं, मे चाललाय," वर्ना म्हणाली. "सप्टेंबर कुठे पळून जातोय!" आणि सह्यांसाठी कागद घरोघर फिरवायचं ठरलं. एकत्र बसून सगळ्यांसमोर सही करणं म्हणजे जरा मिरवल्यासारखं झालं असतं. कागद पहिल्यांदा वर्ना घरी घेऊन गेली.

इकडे उपसमिती कामाला लागली. शाळेच्या मागचं शिक्षकांसाठीचं जुनं घर रिकामं होतं, ते मिळालं. आणि मग सल्ले सुरू झाले. मी पोस्टात गेलो की सल्ला, पेट्रोल भरायला गेलो की सल्ला. एकाने सांगितलं, गरम देशातल्या माणसांना खिडक्या उघड्या ठेवायची सवय असते, खिळे ठोकून टाक. दुसऱ्याने सांगितलं, त्यांना गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्री विजेला जोडून ठेवायचं शिकव. त्यांच्याकडे गाडी असणार नाही म्हटलं तर तो म्हणाला, "म्हणूनच आधी शिकव." एका बाईंनी तीन टोस्टर आणून दिले. तिन्ही बिघडलेले. गरज असलेल्यांना द्यायच्या वस्तू आमच्याकडे वर्षानुवर्षं त्याच हेतूने बिघडवून ठेवलेल्या असतात. नको म्हणावं तर त्या बाई दुखावणार, म्हणून मी तिन्ही घेतले आणि रात्री गॅरेजमध्ये दुरुस्त करत बसलो. एक झाला. तो फक्त एका बाजूने भाजतो.

जुलै संपत आला तेव्हा ल्यूथरच्या डोक्यात कवायत आली. तो सदतीस वर्षं शाळेत आगीची कवायत घेत होता. शाळेला कधी आग लागली नाही, आणि ते कवायतीमुळेच, असं त्याचं मत आहे.

"कुटुंब येईल तेव्हा गोंधळ नको," तो म्हणाला. "एक दिवस रंगीत तालीम करू. कुणीतरी कुटुंब व्हायचं, बाकीच्यांनी स्वागत करायचं. ऑर्विल, तू होतोस?"

"छे छे, मी कशाला."

"तूच योग्य आहेस."

"नको रे, जॉर्डिसला विचार."

"ऑर्विल," ल्यूथर म्हणाला, "तूच हो."

ह्या वेळी त्याने तीनदा विचारलं! अध्यक्षपदाला दोनदा आणि निर्वासितपणाला तीनदा! पण तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही म्हणायची आमच्याकडे सोयच नाही. मी "बरं" म्हणालो. जॉर्डिसला मदतीला घ्यावं म्हटलं तर ती म्हणाली, "मी प्रमुख आहे, मला निर्वासित होता येणार नाही." म्हणजे आई आणि दोन मुली, तिघी मीच. शिवाय ल्यूथरने नियम घातला की कुटुंबाला इंग्रजी येत नाही असं धरून चालायचं. मी दिवसभर फक्त हसायचं, मान डोलवायची आणि 'थँक यू' म्हणायचं.

ऑगस्टातला शनिवार. एकतीस अंश. धान्याच्या कोठाराजवळ मला उभं केलं, ते विमानतळ. समोरून चाळीस माणसं फलक घेऊन आली. ह्यातली निम्मी माणसं माझ्या लग्नात जेवली आहेत. वर्नाने मला मिठी मारली आणि माझ्या कानात, पलीकडच्या गावात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ऑर्विल! तू! आता! सुखरूप!"

"थँक यू," मी म्हणालो.

घरात ल्यूथरने ताबा घेतला. दिव्याचं बटण. खाली म्हणजे बंद, वर म्हणजे चालू. त्याने सहा वेळा करून दाखवलं आणि मग माझं बोट धरून माझ्याकडून करून घेतलं. ह्या माणसाच्या घरातली सगळी वायरिंग मी केलेली आहे. मग संडासातलं पाणी कसं सोडायचं ते. प्रात्यक्षिक झाल्यावर मला खरोखरच तिथे थांबायचं होतं, पण नियमाप्रमाणे सांगता येईना, आणि खाणाखुणा केल्या तर वर्ना म्हणाली, "अरे वा, त्याला आवडलं!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग हिवाळी कपडे. जाड कोट, लोकरीची टोपी, गुडघ्यापर्यंतचे बूट, दोन-दोन हातमोजे. एकतीस अंशात. जॉर्डिसने स्वतःच्या हाताने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि चाळीस वर्षांच्या संसारातल्या कुठल्याशा गोष्टीचं समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसलं. अंगणात नेऊन माझ्या हातात फावडं दिलं आणि बर्फ कसा उपसायचा ते शिकवलं. बर्फ नव्हता म्हणून खडी उपसली. शेजारून जाणाऱ्या एकाने गाडी थांबवून सांगितलं की पाठ सरळ ठेव, कमरेतून वाकू नकोस. मी थँक यू म्हणालो. हा मनुष्य माझ्या दुकानातून उधारीवर नांगराचे फाळ न्यायचा आणि मला साहेब म्हणायचा.

आत आलो तर रांग. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं भांडं. टूना मासा आणि नूडल्स, टूना आणि बटाटे, टूना आणि वर कुस्करलेले चिप्स. अकरा भांडी. प्रत्येक बाई भांडं ठेवायची आणि समोर उभी राहायची. घास घेईपर्यंत हलायची नाही. कोट काढायची परवानगी कुणी दिली नव्हती. सातव्या भांड्याला माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मला त्या क्षणी काय हवंय हे चाळीस माणसांपैकी एकानेही विचारलं नाही, आणि मला राग आला तो ह्याचा, की सगळी माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघत होती.

तेवढ्यात पाळी संपवून अब्रेहेत आली. तिने मला पाहिलं. कोटात, टोपीत, हातमोजे घालून टूना खाणारा, घामाने निथळणारा मी. ती दाराच्या चौकटीला धरून हसली. हसता हसता खाली बसली.

"मिस्टर ऑर्विल," डोळे पुसत ती म्हणाली, "मी आले त्या वर्षी तुम्ही माझ्या दारात हेच भांडं ठेवून जायचात. नऊ वेळा. मी मोजल्यात. मला मासा चालत नाही. अंगावर गांधी उठतात."

"मग सांगितलं का नाहीस?" मी न राहवून ओरडलो.

"ऑर्विल!" ल्यूथर गरजला. "तुला इंग्रजी येत नाही!"

"कुणी विचारलं होतं?" अब्रेहेत म्हणाली, आणि मग सहज, भांडी आवरता आवरता तिने विचारलं, "अर्ज गेला ना?"

सगळ्यांचं लक्ष एकदम कुस्करलेल्या चिप्सकडे गेलं. वर्ना म्हणाली, तिने तर जूनमध्येच सही केली. जॉर्डिस म्हणाली, जुलैभर कागद आमच्या फ्रीजवर होता, पण तिचीही झाली. पास्टर म्हणाल्या, त्यांचीही झाली, अगदी कोपऱ्यात. ल्यूथरने पिशवीतून कागद काढला. फक्त माझी राहिली होती. मी हातमोजा दातांनी ओढून काढला आणि पेन मागितलं.

"आज नाही," ल्यूथर म्हणाला.

"का?"

"आज तू निर्वासित आहेस. निर्वासिताने स्वतःचीच हमी द्यायची? हितसंबंध येतात त्यात."

पास्टर हसल्या. त्यांना वाटलं गंमत चालली आहे. ल्यूथर गंमत करत नाही. त्याने कागद परत पिशवीत ठेवला आणि पुढच्या बैठकीच्या विषयात नोंद केली. अब्रेहेत एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. ती निघून गेली, आणि मी आठवं भांडं घेतलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कागद माझ्याकडे आला, तेव्हा मला खरा प्रकार कळला. वर्नाने जूनमध्ये सही केली होती ती पाचव्या रकान्यात, अगदी शेवटच्या. 'मी आपली शेवटी बरी.' मग जॉर्डिसकडे आला. चौथ्यात करावी तर वर्नाच्या वर जाणार! म्हणून तिने पाचव्यातच, वर्नाच्या खाली, बारीक अक्षरात केली. पास्टरनी त्याच रकान्याच्या उजव्या कोपऱ्यात केली. ल्यूथरने, मुख्याध्यापक असूनही, डाव्या समासात उभी केली. वरचे चार रकाने कोरे करकरीत. माणूस म्हणून मला तेव्हाच समज यायला हवी होती. पण चार जण विनयाने वागलेले असताना मी एकटा चढून पहिल्या रकान्यात जाऊन बसू? मी पेन्सिलीला टोक करतात तसं पेन हलकेच धरलं आणि वर्नाच्या आडनावाच्या शेपटीखाली माझं नाव बसवलं. खूप कौशल्याने बसवलं. जॉर्डिसलासुद्धा चष्मा लावावा लागला.

अर्ज टपालाने गेला. एकोणतीस सप्टेंबरला, सोमवारी, परत आला. सोबत पत्र, अतिशय सभ्य भाषेत: 'पाच जणांनी हमी देणं आवश्यक आहे. आपल्या अर्जात एकच हमीदार दिसतात, ज्यांना पाच नावं आहेत. कृपया नावबदलाचे दाखले जोडावेत, अथवा उरलेले चार हमीदार कळवावेत. मुदतीत बदल नाही.' खाली सह्यांसाठी एक नवा कोरा कागद जोडला होता.

मंगळवारी सकाळी आठला आम्ही चर्चच्या तळघरात जमलो. शहर अडीच तासांवर. दुपारी एकची वेळ. दहापर्यंत निघायलाच हवं होतं. टेबलावर कोरा कागद, त्यावर पेन. आणि पाच माणसं कॉफी ढवळत बसलेली.

"पास्टर, पहिली तुमची," वर्ना म्हणाली.

"मी बाहेरची. उद्या माझी बदली होईल. पहिली गावाची हवी."

"मग वर्ना," ल्यूथर म्हणाला. "वयाने सगळ्यांत मोठी."

"कोण मोठी? माझ्याहून तू आठ महिन्यांनी मोठा आहेस ल्यूथर क्नुटसन, शाळेच्या दाखल्यावर आहे!"

"मी तात्पुरता आहे. तात्पुरत्याने पहिली सही करणं नियमाला धरून नाही. जॉर्डिस करेल."

"नवरा बसलेला असताना?" जॉर्डिस म्हणाली. गेल्या चाळीस वर्षांत मी बसलेला असल्यामुळे तिने केली नाही अशी ही पहिलीच गोष्ट.

मी म्हणालो, मी उपसमितीचा साधा सदस्य. ल्यूथरने चिठ्ठ्या टाकायचा ठराव मांडला. वर्ना म्हणाली, चर्चमध्ये चिठ्ठ्या म्हणजे जुगार. पास्टरनी सुचवलं की गोल आकारात सह्या करूया, म्हणजे पहिलं-शेवटचं कुणी नाही. आम्हाला कल्पना फार आवडली, पण कागदावर रकाने छापील होते. साडेनऊ वाजले. कॉफीचं दुसरं भांडं चढलं. साडेनऊनंतर दहा मिनिटं आम्ही पेन एकमेकांकडे सरकवत राहिलो. तेवढ्या वेळात पाच सह्या पंचवीस वेळा झाल्या असत्या.

जिन्यावर पावलं वाजली. अब्रेहेत. वृद्धाश्रमाचा ॲप्रन अजून अंगावर. तिने टेबलावरचा कोरा कागद पाहिला.

"अजून नाही?"

"ठरवतोय गं," वर्ना म्हणाली. "बस ना. कॉफी घे."

"नको."

"घे की."

"वर्ना, मला कॉफी नको आहे." ती ओरडली नाही, पण तळघरात त्या आवाजात अजून कुणी बोललेलं नव्हतं. "सहा वर्षं झाली मला इथे. तुम्ही मला एकदाही 'नाही' म्हणाला नाहीत. एकदाही 'हो' पण म्हणाला नाहीत. माझी बहीण तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसलीय. रोज फोन करते, विचारते, कागद गेला? मी सांगते, फार चांगली माणसं आहेत, जाईल. आणि तुम्ही इथे बसून कोण जास्त लहान ह्यावर भांडताय! लहान व्हायची हौस तुम्हाला परवडते. तुमची घरं आहेत. तिला नाही परवडत. ती कुठल्याही रकान्यात बसायला तयार आहे, तिला कुणी बसू देत नाही."

ल्यूथर चष्मा पुसायला लागला. तिने माझ्यासमोर कागद सरकवला आणि पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मिस्टर ऑर्विल. इथे."

आता मी काय सांगू! त्याही क्षणी माझ्या तोंडून निघालं, "छे छे, मी कसला..."

"एकदा झालं," अब्रेहेत म्हणाली. "अजून दोनदा म्हणायचं असेल तर लगेच म्हणून घ्या. गाडी सुरू ठेवून आलेय."

मी सही केली. चांगली ठसठशीत, रकान्याच्या दोन्ही कडांना टेकणारी. मग तिने बोट खाली खाली सरकवत नेलं, आणि एकेक जण सांगितल्या जागी मुकाट्याने सही करत गेला. चार मिनिटं लागली. मे ते सप्टेंबर जे झालं नाही ते चार मिनिटांत झालं.

शहरात सगळेच निघालो. गाडीत वर्ना, जॉर्डिस, ल्यूथर आणि पास्टर असे चौघं मागच्या तिघांच्या जागेत घुसले, पुढची जागा मोकळी. गाडी मी चालवत होतो; अब्रेहेत माझ्याशेजारी पुढे बसली, मांडीवर अर्ज. मी जन्मात पहिल्यांदा वेगमर्यादा मोडली. मागून ल्यूथरने ते दोनदा लक्षात आणून दिलं.

एकला वीस मिनिटं कमी असताना काउंटरवरच्या बाईंनी पानं मोजली, पाच सह्या पाहिल्या, शिक्का मारला आणि पोच दिली. बस्स. इतकंच होतं ते. आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. अब्रेहेतने कैरोला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तिकडे रात्रीचं जेवण नुकतंच झालं असावं, भांड्यांचा आवाज येत होता. ती त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. भांडी थांबली. मग एक बाई रडायला लागली, आणि मग एका मुलीचा खणखणीत आवाज आला.

"फेवेन आहे. मोठी," अब्रेहेत म्हणाली. "विचारते, कागदात माझं नाव खरंच लिहिलंय का. वाचून दाखवा म्हणते."

माझ्याकडे वर्नाच्या पत्राची प्रत होती. मी घसा साफ केला आणि वाचलं, "श्रीमती लेमलेम. त्यांच्या मुली फेवेन, वय सात, आणि राहवा, वय चार." अब्रेहेतने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही."

"सांग ना."

"ती म्हणते, मी सात नाही. आठ. जुलैत झाली."

जुलैत कागद आमच्या फ्रीजवर होता. फ्रीजमधून दूध घेताना मी रोज बघत होतो तो.

ल्यूथरने घसा खाकरला. "पत्रात बदल करायचा तर समितीचा ठराव..." तो म्हणाला, आणि वर्नाने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो पायरीवरून खाली उतरला. मी आत गेलो. कुणाला विचारलं नाही. काउंटरवरच्या बाईंकडून पत्र मागून घेतलं, सात खोडलं, आठ लिहिलं, शेजारी माझी सही केली.

"कशाला इतकं?" बाई म्हणाल्या, आणि चांगुलपणानेच म्हणाल्या. "सगळं तपासून व्हिसा निघेपर्यंत दोन-अडीच वर्षं धरून चाला. ती येईल तेव्हा दहाच्या पुढे असेल. तुमचं आठही चुकीचंच ठरणार."

"ठरू दे," मी म्हणालो. "आज ती आठची आहे."

बाहेर येऊन मी अब्रेहेतला सांगितलं, तिने फोनवर सांगितलं. तिकडे क्षणभर विचार झाला. मग फेवेनने विचारलं, बाकीचं तरी बरोबर आहे का, की तेही तपासावं लागेल? म्हणून मी पायरीवर बसलो आणि अख्खं पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो, एकेक वाक्य, अब्रेहेत ते सांगत होती, आणि प्रत्येक वाक्याला कैरोहून होकार येत होता. बाकी काही चुकलेलं निघालं नाही. तेवढा एक वाढदिवस आम्ही पाच मोठ्या माणसांनी मिळून, अत्यंत विनयाने, खाल्ला होता.